डायवरचा मान

२ मे, शुक्रवार
काल दुपारी नाशिकच्या दवाखान्यातून जव्हारला घरी आले. मांडीच्या हाडात रॉड घातला आहे. वॉकर मिळाला आहे. त्याचा एक पाय मला आखूड वाटतो. कमळ म्हणते, "वॉकरचा नाय बाई, तुमचा." कमळ पोळ्या करून घरी जायची ती आता वळकटी घेऊन मुक्कामालाच आली आहे. मी बोलावलं नव्हतं. बरं झालं आली.

इतके दिवस वही उघडली नव्हती. हात शाबूत आहे, तेव्हा सबब नाही.

काय झालं ते एकदा नीट लिहून टाकते. गेल्याच्या गेल्या रविवारी साखरशेतला शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडे, सुमतीकडे, जेवायला गेले होते. (निवृत्त झाल्यापासून तिची आमटी अधिकच तिखट.) परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. घाटातून मोटारसायकली वर आल्या, दर रविवारी शर्यत लावतात त्या. कानठळ्या. मी रस्त्यापासून चांगली लांब, आंब्याखाली. त्या निघून गेल्या, धूळ खाली बसली. मग वांगणीच्या किसनची जीप आली. हळू. अगदी हळू. रस्ता सोडून सरळ माझ्याकडे. मला वाटलं, ओळखलं मला, न्यायला थांबतोय. मी हसले. हसतानाच आडवी झाले.

नंतर दोन चेहरे आठवतात. एक किसनचा. माझी पर्स छातीशी धरून रडत होता, तोंडाला मोहाच्या दारूचा वास. दुसरा हेल्मेटमधला एक पोरगा. "बाई, हलू नका. मी आहे." जाकीट काढून माझ्या डोक्याखाली घातलं. टेंपो थांबवला, दोघांनी मला उचलून आत ठेवलं. जव्हारला येईपर्यंत माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला तो टेंपोवाल्याला शिव्या देऊन लगेच मला "सॉरी बाई" म्हणत होता.

त्या पोराला शोधून चहाला बोलवायचं.

जिवंत आहे. हे मुद्दाम लिहिते, दिवसभरात विसरायला होतं.

३ मे, शनिवार
मिलिंद आला होता. वकील झाला तरी आत्याकडे आला की आधी डबे उघडतो. लाडू खाऊन झाल्यावर खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली. "हे तुला नाशिकला दाखवलं नाही."

मथळा: स्टंटबाजाने निवृत्त मुख्याध्यापिकेला उडवले.

माझा फोटो. निरोपसमारंभातला, शाल पांघरलेला. खाली त्या स्टंटबाजाचं नाव: फैजान. आमच्या गावातल्या सीट-कव्हरवाल्या इब्राहिमचा मुलगा. जाकीट देणारा तोच.

पोलीस दवाखान्यात पोचले तेव्हा पोराच्या शर्टाला माझं रक्त, बाहेर एका मित्राने आणून लावलेली त्याची मोटारसायकल, आणि मोबाईलवर त्याच्याच मित्रांनी टाकलेला घाटातल्या शर्यतीचा व्हिडिओ. त्याच दिवशीचा. मग आणखी काय हवं? तो सांगत होता, जीपने पाडलं, जीपने पाडलं. जीप कुठे आहे? जीप तोवर वांगणीला झाकून ठेवलेली. किसनला गावच्यांनी उचलून नेऊन झोपवलं होतं.

मि.ला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"आत्या, तुझा जबाब अजून घेतलेला नाही. सोमवारी जमादार येतील. नीट विचार करून बोल."

"विचार कसला करायचा? झालं ते सांगायचं."

"किसनचं रक्त कोणी घेतलं नाही. शर्यत लावणारे स्वतःचा पुरावा स्वतःच मोबाईलवर टाकतात. दारूचा पुरावा रक्तात असतो, आणि तो सकाळपर्यंत उतरतो. आता फक्त तुझं नाक उरलं आहे."

विचारलं, कायद्यात जास्त शिक्षा कशाला? म्हणाला, पहिल्या वेळेला दारूला जास्त, शर्यतीला कमी. "पण मोर्चा शर्यतीवर निघतो."

मग कायदा गावापेक्षा शहाणा म्हणायचा. जाताना लाडवांचा डबा घेऊन गेला.

४ मे, रविवार
आज इब्राहिम आला. बाहेर चप्पल काढून उभाच. चाळिशी ओलांडली तरी माझ्यासमोर तिसरीतल्यासारखाच उभा राहतो. जव्हारच्या शाळेत होता माझ्याकडे. अक्षर भयंकर.

खुर्चीवर ठेवायची गादी शिवून आणली होती. एका बाजूने उंच, एका बाजूने उतरती. "मांडीवर जोर येणार नाही बाई. मी स्वतः बसून बसून बघितली." बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा न कण्हता बसले. डॉक्टरला जे सुचलं नाही ते याला सुचलं. तसं सांगितलं. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला.

"फैजानला का नाही आणलंस?"

"शरमतो बाई. त्याची अम्मी बोलली, बाईंच्या समोर कुठल्या तोंडाने जाणार."

"मला उचललं त्याच तोंडाने यायचं."

बोईसरच्या कारखान्यात पोराची नोकरी ठरली होती. पोलिसांचा दाखला लागतो. आता माणूस जखमी केल्याची केस नावावर, तेव्हा दाखला नाही, नोकरीही नाही. इब्राहिमने हे मी विचारल्यावर सांगितलं, तेही खाली बघून. माझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

जाताना म्हणाला, "किसनभाऊच्या जीपच्या सीटा मीच शिवल्या बाई. माणूस वाईट नाही."

ठाऊक आहे.

५ मे, सोमवार
जमादार आले नाहीत. बंदोबस्ताला गेले म्हणे.

त्यांच्याऐवजी नाना आले, किराणावाले, सोबत कृती समिती. येत्या रविवारी मोर्चा. शर्यतवाल्यांना घाटबंदी करा. मला पुढे बसवायचं आहे. चाकांची खुर्ची आणणार, तिला फुलं लावणार.

"मी काय देवी आहे?"

"तुम्ही प्रतीक आहात मॅडम."

त्यांना म्हटलं, नाना, मला मोटारसायकलने पाडलं नाही, जीपने पाडलं. नाना हसले. "धक्का बसला की असं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय, विश्रांती घ्या." आणि फलक दाखवला. त्यावर मी. पुन्हा तीच शाल.

मला विसर पडला आहे असं समजून माझ्याशी मोठ्याने बोलत होते. कान ठीक आहेत माझे.

तरी एक लिहिते. समितीतल्या दोघांनी जाताना मला धरून अंगणापर्यंत चालवलं. पायरीवर एकाने "सावकाश आई" म्हटलं. ते खोटं नव्हतं.

७ मे, बुधवार
वांगणीची माणसं आली. किसनची बायको जानी आणि गावचे कारभारी लखमा आजोबा. जव्हारच्या स्टँडवरून उन्हात चालत. टोपलीत करवंदं आणि पाडाचे आंबे, वर पळसाची पानं.

जानी पायाशी बसली, पट्टीवर हात फिरवला आणि रडू लागली. रडू दिलं. लखमा आजोबांनी चहा बशीत ओतला.

"बाय, जीप होती म्हन. किसनची जीप होती म्हन. आम्ही नाय बोलत नाय. पन वासाचं नको सांगू."

"वास होता, आजोबा."

"होता. पन तो प्यायला नव्हता. मानाचं घेतलं होतं."

पुन्हा विचारलं. नीट समजावलं मला, जसं मी पोरांना बेरीज समजवायची. नवरदेवाचं वऱ्हाड घेऊन किसन पोशेऱ्याला गेला होता. लग्नघरी मान ठरलेला असतो. आधी देवाला, मग लग्न लावणाऱ्या धवलेरीला, मग वऱ्हाड आणणाऱ्या डायवरला. द्रोण भरून. नाही म्हटलं तर नवरीकडच्यांचा अपमान, त्यांची दारू खोटी ठरते. आणि तिकडे मांडव दोन होते. दोन्ही मांडवांचा मान. वर नवरीच्या मामाचा वेगळा.

"पिऊन गाडी चालवील तं आम्हीच त्याला मारू, बाय. पिनारा वेगला. हे मानाचं हाय."

मला हसू आलं आणि रागही. मोखाड्यात इतकी वर्षं काढली, हा मान मी किती मांडवांत बघितला असेन. कधी ते पिणं आहे असं वाटलंच नाही. डायवरला देतात एवढंच. सुपारी दिल्यासारखं.

"पूर्वी हा मान कोणाला द्यायचे?"

"गाडीवानाला."

"बैल कोणी हाकले मग?"

लखमा आजोबांनी बशी खाली ठेवली. "बैलांना वाट ठाव असं."

"जीपला ठाव नसते आजोबा."

जानी रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

निघताना लखमा आजोबा दारात वळले. "लायसन गेलं तं आमचे गावाला दुसरी गाडी नाय. पावसात कोन येल?"

प्रश्न इथे लिहून ठेवते.

करवंदं गोड. कमळने आणि मी संपवली.

८ मे, गुरुवार
झोप नाही. पाय नव्हे, दुसरंच.

पोशेऱ्याच्या शाळेत असताना रखमी नावाची मुलगी, साप चावलेला, भर पाऊस, ओढ्यावरच्या फरशी-पुलावरून पाणी वाहत होतं. कोणी गाडी काढेना. किसन तेव्हा नुकता डायवर झालेला. म्हणाला, बाई, तुम्ही पोरीला धरा, मी पाण्याला बघतो. जीप फरशीवर तरंगली होती क्षणभर. मी डोळे मिटले होते, त्याने नाही. रखमी आज अंगणवाडी चालवते. त्यानंतरही त्याने कधी कोणा आजारी माणसाला "उद्या" म्हटल्याचं ऐकलं नाही.

हे सगळं खरं. वासही खरा.

आणि तो पोरगा पुढे निघून गेला असता तर? शर्यतीत होता. पुढे जाणं हेच तर त्याचं काम चाललं होतं. आरशात बघून वळला.

संध्याकाळी, उजेड असताना, किसन आला. एकटा. पायरीवर बसला, आत येईना.

"आत ये."

"इथंच बरा, बाई."

मग मी वॉकर घेऊन दारात गेले. मला चालताना त्याने पहिल्यांदा बघितलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी बिरेक दाबला, बाई. मला तुम्ही दिसल्या. मला वाटलं दाबला."

वॉकर पायरीशी टेकवला. शेवटी म्हटलं, "किसन, मी जमादारांना सगळं सांगणार आहे. वासासकट."

"सांगा."

"माझ्या आधी तू जा. तुझ्यावरचं त्या पोराच्या डोक्यावर बसलंय."

"आज्जा बोलतो थांब, बायको बोलते थांब. मी पहिल्याच दिवशी जाणार होतो." मग अगदी हळू: "पोरगा सुटला पायजे."

कमळने त्याला नागलीची भाकरी वाढली. पायरीवरच खाल्ली. ताट धुऊन ठेवून गेला.

९ मे, शुक्रवार
जबाब झाला.

जमादार मध्यमवयीन, दमलेले, सभ्य. पाणी मागून घेतलं. म्हणाले, वांगणीचा तो किसन सकाळी ठाण्यावर आला होता. जीप माझी, मी चालवत होतो, म्हणाला. पिण्याविषयी विचारलं तर "लग्नाहून येत होतो" एवढंच.

म्हणजे बाकीचं माझ्यावर ठेवलं.

सांगितलं. जीप. हळू. वास.

"वास कशाचा हे नक्की कसं सांगता, मॅडम?"

"मोखाड्यात नोकरी केली आहे. पालकसभेला अर्धे पालक तो वास घेऊन यायचे. सगळ्यांची नावंही ठाऊक होती."

हसले. मग पेन थांबलं. "हे लिहायचंच? आता त्याचा काही रिपोर्ट नाही. तुम्ही नाही बोललात तरी जीपची केस होतेच. गरीब आहे."

"लिहायचंच. आणि फैजान शर्यतीत होता, सुसाट गेला, तेही लिहा. आणि शर्यत सोडून परत आला, तेही."

"म्हणजे दोघांनाही सोडत नाही तुम्ही."

"दोघांनी मला उचललं आहे. निष्काळजीपणे कसं लिहू देऊ?"

वाचून दाखवलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारायला लावलं. सही केली.

मग रडले थोडी. कमळने बघितलं नाही, किंवा बघितलं नाही असं दाखवलं. अशी माणसं घरात असावीत.

११ मे, रविवार
मोर्चा आमच्याच गल्लीतून गेला. मुद्दाम. फलकावर मी, चाकांच्या खुर्चीत फुलं, माणूस नाही. खिडकीखाली थांबले. नाना वर बघून ओरडले, "मॅडम, नुसता हात दाखवा!"

हात दाखवला. म्हटलं, "नाना, घाटातली शर्यत बंद झालीच पाहिजे. त्याला माझी सही घ्या. पण ज्या जीपने मला पाडलं ती उतारावरसुद्धा शर्यत लावू शकत नाही. तिचा डायवर लग्नात पिऊन आला होता. त्याचाही एक फलक करा."

मागून कोणीतरी खदखदून हसलं. एक बाई म्हणाली, "खरं बोलल्या." मग घोषणा सुरू झाल्या, जरा जास्तच जोरात, आणि मोर्चा पुढे सरकला.

मला त्या मोर्च्यातले चेहरे ओळखू येत होते. कोण कुठल्या हळदीहून स्कूटरवर कसा घरी येतो ते गल्लीला ठाऊक आहे. त्यांच्या बायका गेट उघडं ठेवतात, म्हणजे खांबाला आपटायला नको. पोरं शर्यत लावतात ते ऐकू येतं. हे ऐकू येत नाही.

नाना दुपारी एकटेच आले. वाटलं भांडायला. साबुदाण्याची पिशवी ठेवली. "मॅडम, आमच्या धाकट्याचं बघता का जरा? सासुरवाडीहून गाडी घेऊन येतो तेव्हा आमची ही देव पाण्यात घालून बसते." एवढं बोलून गेले. काय बघू, ते सांगितलं नाही.

१३ मे, मंगळवार
मि.ने वर्तमानपत्र आणलं. मोर्च्याचा मोठा फोटो. मी खिडकीतून जे बोलले त्यातली एक ओळही नाही. "मॅडमनी हात उंचावून पाठिंबा दिला."

दिला होता. खोटं तरी कसं म्हणू?

आज वॉकर न धरता ओट्यापर्यंत. तीन महिने लागतील म्हणाले होते. डॉक्टर तरुण होता, पण हात देवाचा. त्याला कळवायचं.

१६ मे, शुक्रवार
फैजान आला. अखेर. हेल्मेट हातात, मोटारसायकल नाही. ती ठाण्यातच आहे. आईने शेवयांचा डबा दिला होता.

समोर बसवलं. हेल्मेटशिवाय अगदीच कोवळा दिसतो.

"शर्यत लावली होतीस?"

"हो बाई."

"पुन्हा लावशील?"

"नाही" म्हणायला उशीर केला. ते मला आवडलं. लगेच म्हणाला असता तर विश्वास बसला नसता.

"माझ्या नावावरचा अपघात निघाला, बाई. शर्यत राहिली. शर्यतीची शिक्षा घेईन. पण पेपरमध्ये जे आलं ते कसं काढायचं? अम्मीला बाजारात लोक अजून विचारतात, म्हातारी कशी आहे?"

"म्हातारी?"

त्याने स्वतःचे कान धरले. हसलो दोघं.

बोईसरवाल्यांनी अजून काही कळवलेलं नाही. मि. दाखल्यासाठी अर्ज करून देणार आहे. त्याला म्हटलं, लाडू मिळतील, फी मिळणार नाही.

पोराला विचारलं, त्या दिवशी का वळलास? म्हणाला, "किसनचाचाची जीप समोरून आली ना, तेव्हाच वाटलं काहीतरी गडबड आहे. डुलत होती. मी आरशात बघत राहिलो. म्हणून तर शर्यत हरलो."

अजूनही त्याला त्याचं थोडं वाईट वाटतंय, हे दिसलं.

२० मे, मंगळवार
किसनचं लायसन जमा झालं आहे. जीप उभी.

कमळ बाजारातून बातमी घेऊन आली. वांगणीची एक बाई अडली. डोलीत घालून चौघांनी डांबरी रस्त्यापर्यंत आणली, तिथून रुग्णवाहिका. किसनही त्या चौघांत होता. पुढच्या बाजूला.

बातमी आणि शेवट यांच्यात कमळने पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, पाणी प्यायली. मी ओरडले, "काय झालं ते आधी सांग!"

"मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

जेवण गेलं नाही. देवापुढे दिवा लावला. मी सहसा लावत नाही, कमळ लावते.

जबाब बदलावासा वाटला का? नाही. पण आज त्या चौघांच्या खांद्यांवर माझाही भार होता, हे कळतंय. ते कळू नये असं मला वाटत नाही.

मि.ला फोन केला. किसनचा पुतण्या विष्णू ठाणे शहरात टेंपो चालवायचा, त्याच्याकडे लायसन आहे. जीप त्याने चालवली तर? मि. म्हणाला, जीप पोलिसांकडून सोडवून घेतली आहे, कागद बघतो. विष्णूला गावी थांबायला राजी करणं त्यांचं त्यांनी बघायचं.

२५ मे, रविवार
आज घाट शांत. पोलीस उभे आहेत म्हणे, दोन्ही टोकांना. शर्यतवाल्यांना अडवतात, मोबाईल बघतात. चांगलं आहे. सुमती फोनवर म्हणाली, दुपारची झोप लागली बाई कितीतरी रविवारांनी. लग्नाच्या गाड्या मात्र हात दाखवून सोडतात. वऱ्हाड आहे, जाऊ दे.

दुपारी किसन आणि जानी आमंत्रण घेऊन आले. हळदीचे तांदूळ. किसनच्या पुतणीचं लग्न, विष्णूच्या बहिणीचं, वांगणीला, गुरुवारी.

मी म्हटलं, "तुझ्या केसमध्ये मी साक्षीदार आहे, किसन."

"म्हनून काय लग्नाला यायचं नाय?"

"कोर्टात मी हेच पुन्हा सांगेन."

"सांगा. त्या दिवशी सांगा. गुरुवारी जेवा."

जानीने तांदूळ माझ्या हातात ठेवले. मी विचारलंच. "डायवरला मान काय देणार?"

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. जानी म्हणाली, "या तं खरं बाई. बगा."

डॉक्टरला विचारलं तर नाही म्हणेल. विचारणार नाही.

२९ मे, गुरुवार. वांगणी
हे घरी बसून लिहीत नाही. वही पर्समध्ये होती. मांडवाबाहेर, खुर्चीवर, इब्राहिमची गादी खाली घेऊन बसले आहे. कुठे बसले आहे ते शेवटी लिहिते.

कमळ आणि मी मि.च्या गाडीने आलो. रस्ता म्हणायला रस्ता. शेवटचा तुकडा जानीने आणि धवलेरीने मला दोन्ही बाजूंनी धरून आणलं. धवलेरी माझ्याहून वयाने मोठी असेल, हात मात्र लोखंडाचा. सगळे येऊन पाय कसा आहे विचारून गेले. ज्या गावाच्या डायवरविरुद्ध मी जबाब दिला त्या गावाने मला पहिल्या पंगतीला, सावलीत बसवलं. लखमा आजोबा स्वतः पाणी घेऊन आले. "बस बाय," एवढंच. ती डोलीतली बाईही होती. लेक माझ्या मांडीवर दिली, चांगल्या मांडीवर.

मग मान. देवाला झालं, धवलेरीला झालं. द्रोण भरला आणि किसनच्या जीपकडे निघाला. विष्णू डायवरच्या जागी, वऱ्हाडाची एक खेप त्यानेच आणलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी द्रोणाकडे. विष्णूने किसनकडे बघितलं. किसन उठला, द्रोण घेतला, जीपच्या पुढच्या चाकावर ओतला. "वऱ्हाड हिनं आनलं. मान हिचा." जानीने विष्णूच्या हातात नारळ दिला. पोरं ओरडली, "आता जीप पिऊन नाचंल!" सगळा मांडव हसला. लखमा आजोबा हसले नाहीत, पण मान हलवली. मी टाळी वाजवली. इतक्या वर्षांत कोणा विद्यार्थ्यासाठी एवढ्या जोरात वाजवली नसेल.

मग किसनने स्वतः एक द्रोण घेतला आणि प्यायला. आता त्याला कुठे न्यायचं नाही कोणाला. बरोबर आहे.

इथपर्यंत लिहून थांबायचं होतं.

पण नवरदेवाकडची दुसरी जीप आहे, मोखाड्याकडची. तिच्या डायवरने मान घेतला. तिकडच्या मांडवात आधीच घेतला असणार. त्याला कोणी काही सांगितलं नाही, पाहुणा आहे. आता वऱ्हाड परत निघालंय. मागे पोरं चढली, बायका चढल्या, नवरी पुढे. तो चावी बोटात फिरवत आला. हसतमुख. छान माणूस दिसतो.

मी वॉकर घेऊन उठले. कमळला म्हटलं, खुर्ची आण. तिने खुर्ची जीपच्या पुढे ठेवली, गादी ठेवली. मी बसले.

तर इथे बसून लिहिते आहे.

डायवर म्हणतो, "बाजूला व्हा आई, उशीर होतोय." नवरदेवाचा मामा म्हणतो, "या बाई कोण?" कोणीतरी सांगितलं कोण ते. मि. डोक्याला हात लावून उभा आहे. विष्णू म्हणतोय, मी पोचवतो ना, दोन फेऱ्या मारतो. मामा म्हणतो, आमचे डायवरचा अपमान होतो. नवरी खाली उतरलेली नाही, पण तिने दार उघडून धरलं आहे.

ऊन आहे. पाय ठणकतोय. मी कोणाला काही बोललेली नाही. फक्त बसले आहे.

किसन मांडवातून येतो आहे. पाऊल थोडं हलतं, हातात खुर्ची. आला. माझ्या शेजारी ठेवली, जीपकडे तोंड करून बसला. मोहाचा तोच वास.

"लिवा बाई, तुम्ही लिवा," म्हणाला.